आधी दिवे बंद करा : घरात, ऑफिसात, मंगल कार्यालयात पोर्ट्रेट काढताना

स्टुडिओ नसलेल्या फोटोग्राफरच्या वाट्याला येणारी जागा साधारण अशी असते: दहा बाय बाराची खोली, एका भिंतीला लोखंडी कपाट, समोर टीव्ही, डोक्यावर पंखा आणि वेगवेगळ्या वर्षी बदललेले तीन-चार दिवे, ज्यातल्या एकाचाही रंग दुसऱ्याशी जुळत नाही. आपण पोहोचायच्या आत घरच्यांनी सगळी बटणं दाबून ठेवलेली असतात. ‘फोटो काढायचाय ना, मग उजेड नको का?’ बरीच वर्षं मी लोकांच्या घरी, ऑफिसात, मंगल कार्यालयांच्या खोल्यांत जाऊन पोर्ट्रेट काढतोय, आणि माझं पहिलं काम अजूनही तेच आहे: गोड बोलून सगळे दिवे बंद करायला लावणं.

चेहऱ्याला आकार येतो तो एका दिशेने पडणाऱ्या प्रकाशाने. डावीकडून खिडकी, वरून ट्यूब आणि समोरून शोकेसमधला पिवळा दिवा असा तिन्हीकडून उजेड आला की नाकाच्या तीन सावल्या पडतात आणि एक गाल निळसर, दुसरा पिवळट होतो. हे नंतर संगणकावर निस्तरायला गेलात तर तासभर जातो आणि माणूस मेणाचा दिसायला लागतो. म्हणून खोलीत कुठला तरी एकच प्रकाश मालक ठरवायचा आणि बाकीच्यांना त्याच्या हाताखाली कामाला लावायचं किंवा घरी पाठवायचं. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

जाण्याआधी

‘खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा गोल फिरा आणि व्हिडिओ पाठवा,’ एवढं फोनवर सांगा. व्हिडिओ शूटच्याच वेळेला घेतलेला हवा. संध्याकाळी काढलेल्या व्हिडिओवरून सकाळची खिडकी कळत नाही. त्यात मी खिडकी किती मोठी आहे, तिच्या बाहेर काय आहे, छत आणि भिंती कुठल्या रंगाच्या आहेत, फरशी कसली आहे आणि प्लग कुठे आहेत हे पाहतो.

खिडकीची दिशा विचारून ठेवावी. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर सारखा, मऊ उजेड येतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते बारा महिने खरं नाही. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर तर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो भर दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे मे-जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन घुसतं. उलट डिसेंबरात पुण्यात सूर्य दुपारीही जेमतेम ४८ अंशांवर चढतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत जातं.

बाहेर काय आहे हेही तेवढंच महत्त्वाचं. खिडकीला लागून आंबा किंवा फणस असेल तर चेहऱ्यावर हिरवट झाक येते. समोरची इमारत भगव्या-पिवळ्या रंगाची असेल आणि तिच्यावर ऊन असेल तर सगळी खोलीच पिवळी होते. पावसाळ्यात जुन्या चाळींना निळ्या ताडपत्र्या लागतात. त्या ताडपत्रीतून आलेल्या उजेडात मी एकदा एका आजोबांचे फोटो काढले; ते थंडीने गारठल्यासारखे आले होते. शेवटी त्यांना गॅलरीच्या दारात बसवलं तेव्हा माणसात आले.

फरशीकडे फोटोग्राफर क्वचितच बघतात. पांढरी चकचकीत टाइल हा फुकटचा रिफ्लेक्टर आहे, हनुवटीखालची सावली ती आपोआप भरून काढते. शहाबादी फरशी किंवा शेणाने सारवलेली जमीन प्रकाश पिऊन टाकते. तिथे बसलेल्या माणसाच्या मांडीवर, फ्रेमच्या बाहेर, पांढरा टॉवेल पसरा. लगेच फरक दिसतो.

बरोबर काय न्यायचं? एक फ्लॅश आणि तो लांबून उडवणारा ट्रिगर, एक स्टँड, ४३ इंची पांढरी छत्री, ६० वॅटच्या आसपासचा एलईडी, थर्माकोलचा किंवा सनबोर्डचा पांढरा तुकडा, काळं कापड, बटर पेपरची गुंडाळी, चिमटे, कागदी टेप, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड. एवढ्यात नव्वद टक्के कामं होतात. सुरुवात करणाऱ्याने फ्लॅशसुद्धा नंतर घेतला तरी चालेल. थर्माकोल आणि काळं कापड मात्र पहिल्या दिवसापासून हवं.

पोहोचल्यावर : मुठीची परीक्षा

सगळे दिवे बंद. डोळ्यांना सवय व्हायला मिनिटभर थांबा. मग हात समोर धरा, मूठ वळा आणि खोलीत हळूहळू फिरा. मुठीच्या बोटांचे उंचवटे आणि खळगे म्हणजे नाक, गाल, डोळ्यांच्या खोबणी असं समजा. एका जागी मूठ सपाट दिसेल, दुसऱ्या जागी अर्धी काळी, आणि कुठे तरी अशी की बोटं गोलसर, वजनदार दिसतायत आणि सावलीतही तपशील शिल्लक आहे. तिथे खुर्ची ठेवायची. सोफा कुठे आहे, घरच्यांना कुठली भिंत दाखवायची आहे, हे नंतर.

आता एकेक दिवा लावून बघा. मूठ तशीच धरून आधी ट्यूब, मग झुंबर, मग कोपऱ्यातला दिवा. कुठला दिवा मदत करतोय आणि कुठला मध्येच बोलतोय ते लगेच कळतं. बहुतेक वेळा ट्यूब बंद राहते आणि मागच्या कोपऱ्यातला एखादा पिवळा दिवा पार्श्वभूमीला ऊब द्यायला ठेवला जातो. चेहऱ्यावर मात्र त्याचा थेंबही पडता कामा नये.

खिडकी मालक असेल तेव्हा

स्लायडिंग खिडकी पूर्ण उघडा आणि मच्छरजाळीही सरकवा. ती बराच उजेड खाते, हे काढल्याशिवाय लक्षात येत नाही. काचेवरची धूळ आणि ऑफिसांच्या काचांवरची गडद फिल्मही उजेड खातात, शिवाय रंग बदलतात.

माणसाला खिडकीपासून साधारण एक मीटरवर बसवा. आता तीन शक्यता आहेत. तुम्ही खिडकीला पाठ करून उभे आणि तो तुमच्याकडे बघतोय: उजेड सपाट, सुरकुत्या कमी, ओळखपत्राला चांगलं, बाकी निर्जीव. त्याची बाजू खिडकीकडे: अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, तबलजी, नट, पैलवान यांना शोभतो, लग्नाच्या बायोडेटाला नाही. तिसरी, मधली अवस्था म्हणजे चेहरा खिडकीकडे साधारण ४५ अंशांत वळलेला. नाकाची सावली पलीकडच्या गालावर उतरते आणि त्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रँटच्या नावाने ओळखला जाणारा प्रकाश हाच. त्रिकोण दिसेपर्यंत माणसाला इंचाइंचाने वळवा. ‘जरा तिकडे बघा’ म्हटलं की लोक फक्त डोळे फिरवतात, म्हणून ‘नाक त्या कपाटाच्या कडीकडे करा’ असं सांगा.

प्रकाश चेहऱ्याला वरून आला पाहिजे. जमिनीलगतच्या फ्रेंच विंडोतून किंवा गॅलरीच्या दारातून तो खालूनही येतो आणि नाकपुड्या, हनुवटीचा खालचा भाग उजळतो. अशा वेळी काचेचा खालचा अर्धा भाग वर्तमानपत्र लावून झाकून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, पण चेहरा एकदम बसतो.

ऊन थेट येत असेल तर पांढरी चादर किंवा धोतर खिडकीच्या ग्रीलला चिमट्यांनी ताणून लावा. झोळ राहिला तर चेहऱ्यावर पट्टे येतात. बटर पेपर त्याहून बरा, कारण कापडाचा स्वतःचा रंग असतो. नीळ घातलेल्या धोतरातून येणारा उजेड किंचित थंड असतो, आणि आजीच्या चादरीवरची पुसट फुलं उन्हात अगदी पुसट राहत नाहीत.

पलीकडच्या गालाची सावली फारच काळी वाटली तर थर्माकोल त्या बाजूला, चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर धरा. तो पुढे-मागे करताना चेहऱ्याकडे बघत राहा. स्टीलची परात, चंदेरी कागद वगैरे वापरायचा मोह आवरा. त्यातून दुसरा सूर्य तयार होतो आणि माणूस डोळे मिचकावतो. उलटी अडचणही येते. खोली लहान, भिंती पांढऱ्या, म्हणून सगळीकडून उजेड परततो आणि चेहरा भाकरीसारखा सपाट होतो. तेव्हा सावलीच्या बाजूला काळं कापड हवं. कापड विसरलात तर घरात काळी घोंगडी आहे का विचारा. मी कोल्हापूरकडच्या एका घरात घोंगडी दोरीवर टांगून काढलेलं एका निवृत्त मास्तरांचं पोर्ट्रेट माझ्या आवडत्या पाचांत आहे. गालाखालची रेघ त्या घोंगडीने काढली, खिडकीने नाही.

अंतराचा हिशेब

दिवा माणसापासून दुप्पट लांब नेला की त्याच्यावर पडणारा प्रकाश चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). हे सगळ्यांना पाठ असतं, पण अडचणीच्या जागेत त्याचा खरा उपयोग पार्श्वभूमीसाठी आहे. समजा भिंत माणसाच्या दोन मीटर मागे आहे. दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर ठेवला तर भिंत दिव्यापासून तीन मीटरवर, म्हणजे तिच्यावर चेहऱ्याच्या नवव्या हिश्श्याएवढाच उजेड. तीन स्टॉपपेक्षा जास्त फरक. कॅलेंडर, टीव्हीच्या वायरी, देवघराची लायटिंग सगळं अंधारात. तोच दिवा तीन मीटरवर नेला तर भिंत पाच मीटरवर जाते आणि फरक दीड स्टॉपवर येतो. आता कॅलेंडरवरची तारीखही वाचता येते.

पसारा लपवायचा तर दिवा जवळ, घर दाखवायचं तर दिवा लांब. मोठ्या खिडकीच्या अगदी जवळ हा हिशेब तंतोतंत लागत नाही, कारण ती एका बिंदूतून येणारा प्रकाश नाही. कल मात्र तोच राहतो. दिवा जवळ आणला की तो चेहऱ्याच्या मानाने मोठाही होतो आणि सावलीची कड मऊ होते. छत्री किंवा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे लावायची पांढऱ्या कापडाची पेटी) तिच्या कर्णाएवढ्या अंतरावर ठेवून सुरुवात करा आणि मग नजरेने ठरवा.

खिडकी नसेल, किंवा रात्र असेल

आता मालक आपण आणायचा. कॅमेऱ्यावर लावलेला, सरळ समोर मारलेला फ्लॅश हा मालक नव्हे, तो पोलीस आहे. त्याला भिंतीकडे वळवा.

छतावर मारायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मला भिंत जास्त आवडते. छतावरून आलेला उजेड डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतो, आणि आपल्या घरांत छताखाली पंखा असतो. एकदा मी चॉकलेटी पंख्याखाली उभा राहून अर्धा तास छतावर फ्लॅश मारत होतो. काही फोटो उजळ, काही मळकट. फ्लॅश बिघडला म्हणून बॅटऱ्या बदलल्या, ट्रिगर बदलला. दोष पात्यांचा होता. ज्या क्षणी पातं फ्लॅशसमोर यायचं तेव्हा अर्धा उजेड तेच गिळायचं. तेव्हापासून पंखा बंद. मग माणूस घामाघूम होतो, म्हणून दर पाच मिनिटांनी काम थांबवून पंखा लावायचा आणि टिश्यूने कपाळ टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं. पुसल्याने मेकअप जातो आणि कपाळ लाल होतं.

भिंतीवर मारताना फ्लॅशचं तोंड माणसाच्या बाजूला, थोडं मागे आणि वर वळवा. भिंतीचा जेवढा भाग उजळेल तेवढी मोठी तुमची खिडकी. भिंत पांढरी किंवा फिकट क्रीम असेल तर उत्तम. पोपटी, गुलाबी किंवा हिरवी असेल तर तो रंग चेहऱ्यावर येणारच. तिथे थर्माकोल भिंतीला टेकवून त्यावर मारा, नाहीतर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या कुणाला तरी पांढरी चादर धरायला सांगा. घरातली पोरं हे काम आनंदाने करतात आणि फोटोंत डोकावणं थांबवतात, हा जास्तीचा फायदा. ऑइलपेंट लावलेल्या चकचकीत भिंतीवर मात्र फ्लॅशचा ठिपका दिसतो, तेवढी ती कड फ्रेमबाहेर ठेवा.

पांढऱ्या कापडावरून प्रकाश परतवायची ही युक्ती आपल्याकडे मोठ्या माणसाने मोठ्या कामासाठी वापरली होती. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या १९५६च्या ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी बनारसमधल्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत चित्रित केला तेव्हा सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्याच्यावर मारून उजेड खाली उतरवला. चौकात वरून येणारा आभाळाचा उजेड असाच सावल्यांविना पडतो, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याला चादर आणि दोन चिमट्यांत त्यातलं बरंच काही मिळतं.

फ्लॅश परतवला की ताकद बरीच जाते. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० ते ८००, एफ (लेन्सचं छिद्र) ४, शटर १/१६० सेकंद आणि फ्लॅश अर्ध्या ताकदीवर, इथून सुरुवात करा. शटरने फ्लॅशचा उजेड कमी-जास्त होत नाही, खोलीतला होतो; खोली अंधारी हवी तर १/२००, तिच्यातले दिवे जिवंत हवेत तर १/६०पर्यंत खाली या. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०च्या वर गेलात तर फ्रेमचा एक भाग काळा येईल, हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवायची सोय) चालू नसेल तर.

एलईडीचा फायदा हा की जे दिसतं तेच मिळतं. लाजाळू माणसं, लहान मुलं, म्हातारी माणसं यांच्यासाठी मी तोच वापरतो, कारण फ्लॅश उडाला की त्यांचा पुढचा फोटो दचकलेला येतो. ६० वॅटचा दिवा छत्रीतून मीटरभरावर आयएसओ ४०० ते ८००ला एफ २.८, १/१२५ सहज देतो. घेताना वॅटपेक्षा रंगदर्शकता पाहा: ९५च्या वरचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा. घरातल्या स्वस्त एलईडी ट्यूबा ८०च्या आसपास असतात आणि नेमका लाल रंगात मार खातात. त्वचा राखाडी दिसते आणि कुंकू विटकरी.

रंग जुळवणं

इथे सर्वात जास्त फोटो मरतात, म्हणून जरा थांबून वाचा. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आकडा लहान तेवढा पिवळा, मोठा तेवढा निळा. जुना पिवळा बल्ब आणि वॉर्म एलईडी २७०० ते ३००० केल्विन, हॅलोजन ३२००, फ्लॅश साधारण ५५००, आपल्याकडच्या पांढऱ्या एलईडी ट्यूबा बहुतेक ६५००, आणि ऊन नसलेल्या खिडकीतला आभाळाचा उजेड ७०००च्याही पुढे. कॅमेरा एका वेळी एकच रंग ‘पांढरा’ मानू शकतो. बाकीचे त्याच्या मानाने निळे नाहीतर पिवळे.

त्यामुळे कामाचा क्रम असा. जे बंद होऊ शकतं ते बंद. जे बंद होत नाही, म्हणजे मंगल कार्यालयाचं झुंबर किंवा ऑफिसचे छतातले दिवे, त्यांच्या रंगाला आपला प्रकाश जुळवायचा. पिवळ्या दिव्यांच्या हॉलमध्ये फ्लॅशवर पूर्ण ताकदीचं सीटीओ जेल, म्हणजे उजेड पिवळा करणारी नारिंगी पारदर्शक फिल्म, लावा आणि कॅमेरा ३०००-३२००वर ठेवा. दिवे ४०००च्या आसपासचे असतील तर अर्ध्या ताकदीचं जेल. सजावटीच्या दुकानातला जिलेटिन कागद वापरू नका, त्याच्या नारिंगीत लाल-गुलाबी काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. ६५००च्या ट्यूबांबरोबर साधा फ्लॅश फारसा भांडत नाही. किंचित फरक राहतो, तो चालतो.

पार्श्वभूमीत वेगळा रंग मुद्दाम ठेवला तर तो छान दिसतो. चेहरा खिडकीच्या उजेडात आणि मागे देवघरात समई: समई नारिंगी दिसलीच पाहिजे. भांडण फक्त चेहऱ्यावर नको.

आणखी एक छळ म्हणजे लुकलुकणं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना दिसत नाही, पण शटर १/२५० ठेवलात तर फोटोवर आडवे पट्टे येतात किंवा एकामागोमाग एक काढलेल्या फोटोंचा उजेड बदलतो. घरच्या दिव्यांवर अवलंबून असाल तर १/५० किंवा १/१०० यांनाच चिकटून राहा.

चष्मा, नथ, जरी आणि सावळा चेहरा

चष्म्यात दिवा दिसला तर दिवा वर न्या आणि बाजूला सरकवा. तरी राहिला तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला, म्हणजे काचा खाली झुकतात. पाव इंच पुरतो, फोटोत कळत नाही. चष्मा काढायला मात्र सांगू नका; तो वर्षानुवर्षं घालणारा माणूस त्याशिवाय स्वतःसारखा दिसत नाही.

नथीतले मोती, ठुशी, पैठणीचा जरीकाठ यांना लहान दिवा चालत नाही. लहान दिव्याने जरीवर पांढरे चटके उठतात आणि सोन्यावर एक टोकदार ठिपका पडतो. मोठा, मऊ प्रकाश बाजूने आला की तीच जर सोन्यासारखी वाहते. नथ असलेल्या बाजूकडून प्रकाश द्यायचा की विरुद्ध बाजूने, हे एकदा दोन्हीकडून काढून बघा. नथीची सावली ओठावर पडत असेल तर नवरी फोटो पाहून आधी ती सावलीच दाखवेल.

सावळ्या चेहऱ्याला एक्स्पोजर वाढवून ‘उजळ’ करायची जुनी खोड आपल्या धंद्यात आहे. मला ती पटत नाही, आणि तांत्रिकदृष्ट्याही ती चूक आहे. सावळ्या त्वचेचं सौंदर्य तिच्यावरच्या चमकेत असतं, आणि ती चमक मोठ्या प्रकाशाच्या प्रतिबिंबातून येते. दिवा मोठा करा, बाजूला न्या, कपाळावर-गालावर त्याची रुंद, मऊ झळाळी येऊ द्या. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, कारण पांढरी टोपी किंवा पांढरं धोतर फ्रेममध्ये आलं की ऑटो घाबरतो आणि चेहरा बुडवतो.

तीन जागा

कार्यालयातली नवरीची खोली. आरशाभोवती पिवळे बल्ब, वर पांढरी ट्यूब, मरून पडदे, बारा माणसं आणि पंधरा पिशव्या. ट्यूब बंद करा, आरशाचे बल्ब राहू द्या आणि तेच मालक धरा, नवरीला आरशाकडे तोंड करून. तुम्ही बाजूने काढा. अडचण आहे ती व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यावरच्या पांढऱ्या दिव्याची. त्याच्याशी आधीच, चहा पिताना बोलून ठेवा: ‘दादा, पाच मिनिटं माझी, मग पाच तुमची.’ भांडून हे कधीच जमत नाही.

ऑफिस. साहेबांच्या केबिनमध्ये काच, मागे काच, समोर काच, आणि छतात दोन बाय दोनचे पांढरे पॅनल. त्या उजेडात प्रत्येक जण रात्रपाळी करून आल्यासारखा दिसतो. कॉन्फरन्स रूम मागा. तिथे प्रोजेक्टरचा पांढरा पडदा असतो. एलईडी किंवा फ्लॅश त्याच्यावर मारलात तर आठ फुटी मऊ प्रकाश फुकट मिळतो. छतातले दिवे निदान माणसाच्या डोक्यावरचे तरी बंद करून घ्या. सगळे एकाच स्विचवर असतील तर त्या एका पॅनलला काळा चार्टपेपर कागदी टेपने लावता येतो, पण आधी परवानगी घ्या.

आणि कोकणातलं कौलारू घर. माजघरात अंधार, आणि छपरात एखादं काचेचं कौल. त्यातून दुपारी उन्हाची काठीसारखी तिरीप खाली येते. त्या तिरिपेत माणसाला बसवायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. रत्नागिरीजवळच्या एका घरात आजींना बरोबर तिच्याखाली बसवलं, तर केस पांढरेफटक जळाले आणि डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. मग त्यांना दोन फूट मागे सरकवलं, अंधारात, आणि तिरीप जिथे जमिनीवर पडत होती तिथे त्यांचंच एक पांढरं लुगडं घडी करून ठेवलं. ऊन लुगड्यावरून उसळून आजींच्या चेहऱ्यावर आलं. खालून येणारा प्रकाश वाईट म्हणतात, पण इतका मऊ, इतका जवळून आला की चुलीसमोर बसल्यासारख्या दिसल्या. आजी मात्र शूटभर लुगड्याकडेच बघत होत्या, मळेल म्हणून.

पहिला फोटो कसा तपासायचा

मागच्या स्क्रीनवर चेहरा मोठा करा आणि डोळे बघा. बुबुळात, दहा किंवा दोन वाजल्याच्या जागी, उजेडाचा एकच ठिपका हवा. दोन असतील तर कुठे तरी दुसरा दिवा जागा आहे. ठिपका नसेल तर डोळे मेलेले दिसतात. दिवा खाली आणा किंवा हनुवटी उचला. मग नाकाची सावली बघा: एकच आहे ना, आणि ओठापर्यंत पोहोचत नाही ना. शेवटी एक पांढरा कागद हातात देऊन एक फोटो काढून ठेवा, रंग जुळवायला नंतर तोच कामी येतो.

विजेचं आणि निघतानाचं

घरातला साधा प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १३८० वॅट. एक हजार वॅटचा हॅलोजन आणि त्याच बोर्डवर इस्त्री, हा खेळ करू नका. जुन्या वाड्यांत बोर्ड हाताला कोमट लागला तर दिवा काढून बॅटरीवरचा फ्लॅश घ्या. हॅलोजनसमोर बटर पेपर किंवा चादर लावणं तर आग बोलावणं आहे. ते फक्त एलईडी आणि फ्लॅशसाठी. स्टँडच्या पायावर पाण्याची पाच लिटरची बाटली अडकवा, वायर दारातून जात असेल तिथे कागदी टेपने चिकटवा. टेप काढताना हळू ओढा. नाहीतर टेपबरोबर भिंतीचा रंग येतो आणि पुढचं आमंत्रण जातं.

आणि निघण्यापूर्वी सगळे प्लग मोजा. एकदा जवळचा पॉइंट हवा म्हणून मी एक प्लग काढला, काम संपलं, सामान आवरलं, चहा घेतला आणि घरी आलो. संध्याकाळी फोन: ‘फोटो मस्तच आलेत हो, पण फ्रिज तुम्हीच बंद केला होतात का? चार किलो श्रीखंड होतं.’